सरव्याचा कोपरा

गिरजाघराची पहिली घंटा होण्याआधी मी चुलीतली राख ओढली, तुराट्यांचा जाळ लावला आणि काठवटीत पीठ घेतले. काढणीच्या दिवसांत भाकऱ्यांचा क्रम ठरलेला असे. पहिल्या दोन मामंजींच्या. त्यांना त्या जाड आणि कडेला करपलेल्या लागत. मग माझ्या नवऱ्याच्या, आमोसच्या. मग मोलाने येणाऱ्या बायांच्या. जाळ मंदावला की शेवटची माझी. दुःखसहनाचा काळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, चालू होता, त्यामुळे कालवण नव्हते. लसणाचा ठेचा आणि ताक. गोठ्यात आमोस बैलांपुढची वैरण झाडत होता आणि ओसरीवर मामंजी तळहातांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळत बसले होते. आमच्याकडे शाळू विळ्याने कापत नसत, मुळासकट उपटत, आणि पहिल्याच दिवशी हात सोलवटून निघत. सत्तरीला टेकलेले मामंजी अजूनही पहिली ताटे स्वतः उपटत.

दुसऱ्या घंटेला आम्ही तिघे मधल्या खोलीत घोंगडीवर बसलो. मामंजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि प्रार्थना सुरू केली. ते डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत. सासूबाई होत्या तेव्हा हळूच म्हणत, "देवावर भरवसा आहे गं त्यांचा, माणसांवर नाही." त्या सकाळी मामंजींनी पावसाबद्दल आभार मानले, पाखरांपासून पीक राखल्याबद्दल मानले, आणि शेवटी एक वाक्य असे म्हटले जे त्या घरात आल्यापासून मी कधी ऐकले नव्हते.

"आणि हे पिकाच्या धन्या, आमचा कोपराही यंदा भरून वाहू दे. आमेन."

आमोसने आमेन म्हटले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

मी उठू लागले तेव्हा मामंजी म्हणाले, "फिबे, रानात येताना जुन्या दवाखान्यावरून ये. त्या बाईला सांग, आज आपली काढणी आहे. सरवा वेचायला यायचं तर ये म्हणावं."

"कोणत्या बाईला?" मला कळले होते, तरी मी विचारले.

"नाव माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, सत्वशीला.

शालेमवाडी ही शेवगावच्या बाजूची ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती. मिशनच्या साहेबांनी माळ फोडून ती वसवली. साहेब गेले, जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, पण वस्तीचे नियम साहेबांच्या काळचेच राहिले. त्यातला एक नियम विधवांचा होता. नवरा गेलेली बाई घरची राहिली तर त्याचा वाटा तिचा. घर सोडून गेली तर तिचा हक्क संपला. पोटासाठी बाहेरगावी जाणे म्हणजे घर सोडणे नव्हे; मी परकी, असे तिने स्वतःच्या वागण्याने दाखवावे लागे. माझे थोरले दीर बर्नबा नांगराचा फाळ पायात घुसून धनुर्वाताने गेले. महिनाही झाला नव्हता तेव्हा मामंजी जेवताना म्हणाले होते, "रानातले दोन हात कमी झाले, पण ताटं तेवढीच राहिली." सत्वशीलेने ते ऐकले, मुलीला काखेला मारले आणि नगरला जाऊन एका दवाखान्यात आया म्हणून राहिली. दोन वर्षांनी, नाताळाच्या आधी, ती परत आली आणि नवऱ्याच्या सहा एकरांविषयी बोलली. मामंजींनी दार लावून घेतले.

तिने शेवगावच्या वकिलाकडून नोटीस धाडली. त्यावर गिरजाघराची सगळी मंडळी पेटून उठली. विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात खेचायचे, हे आमच्यात चोरीपेक्षा मोठे पाप. तिला प्रभुभोजनाला बंदी झाली. मग मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे गिरजाघराच्या पंचांनी, तिला सांगितले, नोटीस मागे घे, आम्ही न्याय करू. तिने मागे घेतली. येत्या रविवारी उपासनेनंतर वडिलांची सभा बसायची होती, आणि त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता: सत्वशीला आमच्या, रणनवऱ्यांच्या, घरची, की घर सोडून गेलेली?

तोवर ती मिशनच्या पडीक दवाखान्याच्या एका खोलीत राहत होती. मामंजींच्या धाकाने वस्तीत कोणी तिला कामाला लावत नव्हते.

मी गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून मुलीची वेणी घालत होती. आत चूल पेटलेली नव्हती.

"आज लवकर?" ती म्हणाली. "पदराखाली काही आणलं असशील तर तसंच परत ने. मागंच सांगितलंय. चोरून आणलेलं मी खाणार नाही, आणि तू सापडलीस तर तुला ते सुखानं खाऊ देणार नाहीत."

"काही आणलं नाही. निरोप आणलाय. आज आपल्या रानात काढणी आहे. मामंजींनी तुम्हाला सरव्याला बोलावलंय."

तिचे हात थांबले. "त्यांनी?"

"त्यांनीच. प्रार्थना झाल्यावर म्हणाले."

"प्रार्थनेनंतरच जास्त भीती वाटते मला त्यांची."

मी हसले. ती हसली नाही.

"जाऊबाई, म्हातारा माणूस आहे. सासूबाई गेल्यापासून एकटे पडलेत. वळलं असेल मन."

"मन वळलं असतं तर घरात बोलावलं असतं. सरव्याला कशाला?" ती वेणीच्या टोकाला फीत बांधत म्हणाली. मग बराच वेळ तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तरी येते. सरवा देवाचा असतो. तिथं कोणाचे उपकार नाहीत. ह्या पोरीला परवापासून पेजेवर ठेवलंय मी."

"या," मी म्हणाले. मला बरे वाटत होते. रानाची वाट मी भराभर चालले.

सरव्याचा नियम असा होता. काढणीच्या वेळी प्रत्येकाने रानाचा एक कोपरा उभा ठेवायचा. त्या कोपऱ्यातली ताटे आणि काढलेल्या रानात खाली पडलेली कणसे ही गरिबांची. धन्याने हद्दीवर दगड मांडायचे, टोपी काढायची आणि बांधावर थांबलेल्यांना 'या' म्हणायचे. एकदा 'या' म्हटले की धन्याचा किंवा त्याच्या घरच्या पुरुषाचा पाय कोपऱ्यात पडत नसे. आणि घरचे माणूस सरवा वेचत नसे. हे इतके अंगवळणी पडले होते की कोणी ते बोलूनही दाखवत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत मी पेंढी बांधताना पायाशी पडलेले कणीस उचलले, तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातावर फटका मारला होता. "खाली पडलं ते आपलं नाही. त्याला वाकायचं नसतं आपण. लोक म्हणतील, रणनवऱ्यांची सून उपाशी आहे." दर सुगीला पाळकही उपदेशात पवित्र शास्त्रातल्या, सरवा वेचणाऱ्या त्या परदेशी सुनेची गोष्ट सांगत, आणि मामंजी पुढच्या बाकावर बसून मान डोलावत.

त्यांचा स्वतःचा कोपरा मात्र दरवर्षी बाजेएवढा असे. त्या सकाळी मी रानात पोचले तेव्हा ते दगड मांडत होते, आणि लांब लांब ढांगा टाकत मांडत होते. वाकून दगड ठेवायचा, सरळ व्हायचे, पुन्हा चालायचे. विहिरीकडच्या बाजूची, सगळ्यांत चांगल्या मातीतली ताटे त्यांनी कोपऱ्यात घेतली होती. कणसे मुठीएवढी आणि मोत्यासारखी टपोरी होती.

बांधावर खालच्या वाडीच्या बाया येऊन बसल्या होत्या. त्यात गजरा म्हातारी होती. तिला तोंडाने कोणी हरवू शकत नसे.

"अगं बया," ती मोठ्याने म्हणाली, "ह्यो कोपरा हाय का कोपरगाव? योनाथन आण्णा, चुकून धा दगडं जास्त मांडली का वो?"

"देवाला द्यायचं तर हात आखडू नये, गजराबाई," मामंजी म्हणाले.

"व्हय की. पण आजवर देवाला काय ठावं न्हवतं तुमच्या हाताचं?"

बाया फिसकन हसल्या. इतर वेळी मामंजींनी त्यांना बांधावरून उठवले असते. आज ते हसले, आणि त्यांचे हसणे पाहून गजराच गप्प झाली.

सत्वशीला आली. तिने मुलीला बांधाच्या सावलीत बसवले आणि पाटी घेऊन बाकीच्या बायांच्या मागे उभी राहिली. मामंजींनी तिच्याकडे पाहिले नाही. पहिली ताटे उपटून झाली, मजुरणींनी आणि आमोसने पात धरली, अर्ध्या रानात पेंढ्या आडव्या पडल्या, तेव्हा मामंजी दगडांजवळ गेले, टोपी काढली आणि म्हणाले, "या."

बाया घुसल्या. सत्वशीला सगळ्यांत शेवटी गेली. तिने पहिले ताट वाकवले, कणीस खुडले आणि ते क्षणभर नाकाशी धरले. मग ती भराभर वेचू लागली.

मी पेंढ्या बांधत होते. आमोस माझ्या पुढच्या ओळीत होता.

"बाबांनी यंदा मोठा कोपरा ठेवला," मी म्हणाले.

"हं."

"रविवारीही असंच मन मोठं ठेवलं तर बरं होईल."

"काम कर फिबे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी लपवणाऱ्या माणसाचा घाईचा आवाज होता तो. पण ते मला तेव्हा कळले नाही.

भाकरीच्या वेळी वाटेने दोघेजण येताना दिसले. एक उजागरे मास्तर, मंडळीतले सगळ्यांत जुने वडील. चाळीस वर्षे त्यांनी वस्तीच्या शाळेत शिकवले होते, आणि नियम म्हटला की ते स्वतःच्या मुलाचीही गय करत नसत. त्यांच्यामागे साळवे वडील. ते मामंजींच्या शब्दाबाहेर नसत. मामंजी विहिरीच्या थारोळ्याजवळ बाभळीखाली घोंगडी टाकून वाटच पाहत होते. तिथून कोपरा समोर दिसे.

"फिबे, वडिलांना पाणी आण," त्यांनी हाक मारली.

मजुरणींना भाकरी वाटून माझी पाटी रिकामी झाली होती. ती काखेत धरून मी विहिरीवर गेले, तांब्या भरला आणि बाभळीकडे आले. ते तिघे माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"बघा मास्तर," मामंजी म्हणत होते. "आपल्या डोळ्यांनी बघा. साळवे, तुम्हीही बघा. दोघे लागतात साक्षीला. मी बोलावलं नाही, मी हाकललं नाही. आपल्या पायांनी आली. आपल्या हातांनी वेचतेय. रविवारी ही बाई तुमच्यापुढं उभी राहील आणि म्हणेल, मी रणनवऱ्यांच्या घरची. शालेमवाडी वसली तेव्हापासून घरचं माणूस घरच्या सरव्यात वाकलेलं कोणी पाहिलंय?"

"नाही पाहिलं," साळवे म्हणाले.

 मास्तर डोळ्यांवर हात धरून कोपऱ्याकडे पाहत होते. सत्वशीलेची पाटी काठोकाठ भरत आली होती.

"ज्याचं रान त्यानं सरवा वेचायचा नसतो," मामंजी म्हणाले. "तिला हे माहीत नाही असं नाही. सहा वर्षं नांदली ती ह्या घरात. मी परकी आहे, हे तिनंच आज दाखवलं. मी काही बोलायची गरजच नाही."

कोपरा एवढा का, आणि प्रार्थना कशासाठी, हे मला एका क्षणात उमगले. निरोप माझ्या तोंडून का पाठवला, तेही.

मी पुढे होऊन मास्तरांच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाले, "मास्तर, त्या आपणहून आल्या नाहीत. मामंजींनी बोलावलं. निरोप मीच घेऊन गेले होते, आज सकाळी."

मामंजींनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर चीडही नव्हती. "दोघी जावा," ते साळव्यांना म्हणाले. "नासलेलं दूध एका भांड्यात."

"मी खरं सांगतेय, मास्तर."

मास्तर पाणी प्याले आणि त्यांनी मिशा पुसल्या. "असेल बाई. बोलावलं असेल, नसेल. सरव्याला कोणी कोणाला बोलावू शकतं, त्यात पाप नाही. नियम बोलावण्याचा नाही, वेचण्याचा आहे. तिनं वेचलं का? वेचलं. मला जे दिसतं ते मी नाही कसं म्हणू?"

"त्यांच्या पोरीनं दोन दिवस पेजेवर काढलेत."

"त्याचं मला वाईट वाटतं," मास्तर म्हणाले, आणि ते खरे होते. "पण वाईट वाटणं ही साक्ष नव्हे."

"झालं ना?" मामंजी म्हणाले. "जा आता. पेंढ्या पडल्यात."

मी वळले. आमोस एका पेंढीवर गुडघा रोवून ती बांधायचे आळे आवळत होता. मी त्याच्याजवळ थांबले.

"तुम्हाला माहीत होतं."

तो आळे आवळतच राहिला. "बाबांनी काल सांगितलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार होतो? सहा एकर गेले तर आपल्याकडं काय राहतं, फिबे? उद्या आपल्याला पोरं होतील."

"तुमच्या भावाचीच आहे ती पोर."

"भाऊ गेला," आमोस म्हणाला.

मी पुढे चालू लागले. पेंढ्यांच्या ओळी ओलांडल्या, मजुरणींनी उपटून टाकलेली ताटे ओलांडली. दगडांच्या हद्दीशी येऊन थांबले. त्या दगडांपलीकडे गेले की सासूबाईंनी हातावर फटका मारून शिकवलेले सगळे मागे राहणार होते. हद्दीच्या लगेच आत एक कणीस धुळीत पडले होते, खालच्या बाजूने मुंग्या लागलेले. मी हद्द ओलांडली, वाकले, कणीस उचलले, झटकले आणि पाटीत टाकले.

गजरा सगळ्यांत आधी ओरडली. "आरं देवा! मालकीणच सरव्यात! आता आम्ही काय पाचोळा न्यायचा का वो बाई?"

सत्वशीला सरळ झाली. "फिबे, काय करतेस? टाक ते खाली."

"सरवा वेचतेय."

"वेडी झालीस? कोणी बघेल."

"बघतायत म्हणूनच वेचतेय." मी बाभळीकडे मान वळवली. तिनेही तिकडे पाहिले. मास्तरांचे पांढरे उपरणे, साळव्यांची काळी टोपी, मधे मामंजी. तिने एकेकाकडे पाहिले आणि मग स्वतःच्या भरलेल्या पाटीकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"एवढ्यासाठी बोलावणं होतं?"

"हो."

"घरचं माणूस सरवा वेचत नाही." ती हे स्वतःशीच पुटपुटली. मग तिने पाटीची कड धरली. ती पाटी उपडी करणार होती. मी तिचे मनगट धरले.

"उपडी करू नका. वेचलेलं त्यांनी पाहून झालंय, आता टाकून काही उपयोग नाही. वेचत राहा."

"आणि तू?"

"मी पण."

"तुला घर आहे गं बाई. हे तुला घरातून काढतील."

"तुम्हाला काढलं तसं?"

तिने माझा हात झिडकारला नाही, धरूनही ठेवला नाही. ती वाकली आणि पुन्हा कणसे खुडू लागली. मी तिच्या शेजारच्या ओळीत वाकले.

"फिबे!" मामंजींची हाक आली. त्या हाकेला आमच्या घरातले कुत्रेसुद्धा उठून उभे राहत असे. "बाहेर ये. आमोस, बायकोला आवर!"

आमोस धावत आला आणि हद्दीच्या दगडांशी थांबला. पाय पुढे टाकला, मागे घेतला. मास्तर आणि साळवे बघत होते, मजुरणी बघत होत्या, आणि धन्याचा मुलगा कोपऱ्यात पाय ठेवू शकत नव्हता.

"फिबे, पाटी खाली ठेव." त्याचा आवाज खाली होता. "का तमाशा करतेस? बाबा घरात घेणार नाहीत तुला."

"त्यांनी हे मास्तरांपुढं म्हणावं," मी म्हणाले.

"काय?"

"की फिबी घरची नाही. एवढंच म्हणावं. मी आत्ता बाहेर येते."

तो बघत राहिला. मग हळूहळू त्याला कळत गेले, आणि त्याने मागे वळून बापाकडे असे पाहिले की जणू त्यानेच आता काहीतरी सांगावे.

तोवर मास्तर उठले होते. काठी टेकत ते हद्दीपर्यंत आले. मामंजी आणि साळवे त्यांच्यामागून आले. मास्तरांनी आधी माझ्या पाटीत पाहिले, मग सत्वशीलेच्या पाटीत.

"योनाथनराव," ते म्हणाले, "ही कोण?"

"सोडा हो मास्तर. पोरकटपणा आहे. घरी गेल्यावर बघतो मी."

"मी विचारलं ते सांगा. ही बाई कोण?"

"तुम्हाला माहीत नाही का? तुमच्यासमोर लग्न लागलंय."

"मला माहीत असून चालत नाही. साक्षीला साळवे आहेत, मी आहे. आपण थोड्या वेळापूर्वी आम्हाला साक्षीला बोलावलंत. ही घरची की नाही?"

मामंजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. आमोस त्यांच्या अगदी जवळ उभा होता. गजरा म्हातारी कणसे खुडायची थांबली होती. 

"बाबा," आमोस म्हणाला. एवढा एकच शब्द.

"घरची," मामंजी म्हणाले.

"आणि सरवा वेचतेय," मास्तर म्हणाले.

 साळवे खाकरले आणि त्यांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली.

"मग योनाथनराव, घरचं माणूसही वेचतं म्हटल्यावर त्या सरव्यावरून रविवारी मला काही सांगू नका," मास्तर म्हणाले. "दुसरं काही असेल तर आणा." ते वळले आणि काठी टेकत वाटेला लागले. जाता जाता बांधाच्या सावलीत बसलेल्या सत्वशीलेच्या मुलीपाशी थांबले, तिच्याशी काहीतरी बोलले आणि खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला.

मामंजींना रविवारी आणायला दुसरे काही नव्हते. त्या सहा एकरांत आज सत्वशीलेच्या जावयाचा ऊस उभा आहे. पण मामंजी त्या दिवसापासून मरेपर्यंत, म्हणजे पुढची अकरा वर्षे, माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मी वाढलेले ते जेवले, मी भरलेले पाणी ते प्याले, पण काही हवे असले तर ते भिंतीला सांगत. आमोसशी माझे बोलणे राहिले; त्यात काय उरले होते, ते आम्ही दोघे ओळखून होतो.

त्या दुपारी मात्र मला ह्यातले काही ठाऊक नव्हते. मास्तर दिसेनासे झाले. मामंजी दगडांपलीकडे उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होते ते मी पाहिले आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही.

"मालकीणबाय," गजरा हळूच म्हणाली, "ह्या बाजूची कणसं बारीक हायेत. तिकडं व्हा, इहिरीकडं. चांगली तिथं हायेत."

"तुम्ही घ्या तिकडची, आजी."

 सत्वशीलेने पुढचे ताट वाकवले आणि त्याचा शेंडा माझ्या हातात दिला, मी कणीस खुडले, आणि आम्ही दोघी कोपरा रिकामा होईपर्यंत वेचत राहिलो.